बिनदाराच्या घरातली सुई

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं घालते. पुढचं वाचण्याआधी जरा थांबा आणि उत्तर शोधा.

एक घर आहे. त्याला दार नाही, खिडकी नाही. भिंती मात्र दोन, एकीच्या बाहेर दुसरी. आत रात्रंदिवस कारखाना चालतो. तयार झालेला माल भिंतींपलीकडे जातो, तरी भिंतीला भगदाड पडत नाही की आतलं पाणी बाहेर सांडत नाही. हे घर कुणाचं?

आमच्या वारज्यात चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं, तर पहिलं उत्तर आलं "नारळ". दुसरं आलं "अंडं". एकजण म्हणाला "बँक". का रे बाबा, म्हणून विचारलं, तर म्हणतो, "बाई, तिथनं पैसे भिंतीतनंच बाहेर येतात की!" त्याच्या डोळ्यापुढे एटीएम होतं. मला हे उत्तर सगळ्यांत आवडलं, कारण खऱ्या उत्तराच्या तेच जास्त जवळ गेलं होतं. घर आहे जीवाणूचं. आणि त्याच्या भिंतीत खरोखरच यंत्रं बसवलेली असतात.

जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. तुमच्या फूटपट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या जागेत पाचशे ते हजार जीवाणू एका रांगेत सहज बसतील. त्याच्याभोवतीचं आवरण तेलकट असतं. तेलात पाणी मिसळत नाही हे तुम्ही रोज आमटीवरच्या तवंगात बघता. तसंच पाण्यात रमणाऱ्या वस्तूंना हे आवरण ओलांडता येत नाही. साखरेसारख्या किंवा मिठासारख्या बारीक कणांसाठी छोटी छोटी छिद्रं असतात, नाही असं नाही. पण प्रथिनं त्यातून जात नाहीत. ती फार मोठी पडतात.

प्रथिनं म्हटलं की आया डब्यातल्या उसळीकडे बोट दाखवतात. बरोबरच आहे. पण पेशीच्या आत प्रथिन म्हणजे एक हत्यार असतं. कुणी कापतं, कुणी जोडतं, कुणी ओझं वाहतं, कुणी निरोप पोचवतं. वीस प्रकारचे मणी घेऊन शेकडो मण्यांची माळ ओवायची आणि मग ती माळ ठरावीक पद्धतीने गुंडाळायची, की झालं प्रथिन तयार. गुंडाळी बरोबर झाली तरच ते कामाचं.

आता ही हत्यारं घराबाहेर पाठवायची गरजच काय? असं बघा, झाडाखाली पडलेल्या पानावर एक जीवाणू बसला आहे. त्याला पान खायचं आहे. पण त्याला तोंड नाही, आणि पान तर त्याच्यापेक्षा हजारो पट मोठं. मग तो पचवणारी प्रथिनं बाहेर सोडतो. पान बाहेरच विरघळतं आणि तयार झालेला रस तो आत ओढून घेतो. आपण जेवतो आधी आणि पचवतो नंतर. त्याचं सगळं उलटं. पालापाचोळ्याचं खत होतं ते बरंचसं असंच. म्हणजे माल बाहेर पाठवणारे सगळेच जीवाणू वाईट, असं मनात धरू नका. काहींचा माल मात्र विषारी असतो.

दोन भिंतींविषयीही एक गोष्ट सांगते. सगळ्याच जीवाणूंना दोन नसतात. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टिअन ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी जीवाणू रंगवायची एक युक्ती शोधली. काही जीवाणू जांभळे राहत, काहींवरचा जांभळा रंग धुतला जाई. पुढे कळलं की जांभळ्यांना तेलकट आवरण एकच असतं आणि त्याबाहेर जाडजूड भिंत असते. ज्यांचा रंग धुतला जातो त्यांना तेलकट आवरणं दोन, आणि मध्ये पातळशी भिंत. दह्यातले जीवाणू पहिल्या जातीचे. आज मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे ते सगळे दुसऱ्या जातीचे, दुहेरी आवरणाचे.

पहिलं आवरण ओलांडायची सोय जवळजवळ सगळ्या जीवाणूंकडे सारखीच असते. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीला पंधरा-वीस किंवा थोडे जास्त मणी खास असतात. तो असतो पत्ता. कुरिअरच्या पाकिटावर चिकटवतात तसाच. आवरणातल्या नळीशी एक ढकलणारं प्रथिन असतं. ते इंधन जाळतं आणि माळ हळूहळू नळीतून पुढे सरकवतं. पलीकडे गेल्यावर पत्त्याचा तुकडा कापून टाकला जातो. पोचलेल्या पाकिटावरचा पत्ता कशाला ठेवायचा! आपल्या शरीरातल्या पेशीही असाच पत्ता वापरतात. प्रथिनांवर असा पत्ता लिहिलेला असतो हे दाखवून देणारे गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण हे झालं पहिल्या आवरणाचं. दुसरं तसंच उभं! इथे मात्र जीवाणूंनी तऱ्हेतऱ्हेच्या युक्त्या केल्या आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना सोपी नावं द्यायची सोडून नुसते नंबर दिले: पहिला प्रकार, दुसरा प्रकार, तिसरा प्रकार. आता हे नंबर दहाच्या पुढे गेले आहेत. (एखादं गमतीदार नाव द्यायला काय हरकत होती? पण तसं काही झालं नाही खरं.) सगळ्यांची हजेरी घेत बसत नाही. दोघांची फक्त ओळख करून देते आणि मग तिसऱ्याकडे जाऊ.

दुसऱ्या प्रकारचं यंत्र पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जीवाणूकडे असतं. पटकीचं विष आधी पहिलं आवरण ओलांडतं, दोन आवरणांमधल्या जागेत नीट गुंडाळलं जातं, आणि मग तयार मालाच्या रूपात बाहेर ढकललं जातं. हे विष जीवाणूच्या बाहेर येतं, नुसत्या त्या विषानेच आतड्यातलं पाणी सुटतं, हे दाखवलं आपल्या कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. त्यांनी जीवाणू वाढवलेला द्रव गाळून घेतला, त्यात एकही जीवाणू राहू दिला नाही, आणि तो सशाच्या आतड्यात सोडला. जीवाणू नसतानाही आतडं पाण्याने फुगलं. किती साधा प्रयोग, आणि त्याआधी पाऊणशे वर्षं तो कुणालाच असा जमला नव्हता! आमच्या वारज्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात खडकवासल्याचं पाणी येतं. तिथे ते गाळून त्यात क्लोरीन मिसळतात, तेव्हा असे जीवाणू त्यांचं यंत्र सुरू होण्याआधीच मरतात.

सहावा प्रकार म्हणजे चक्क भाला. एक जीवाणू शेजारच्या जीवाणूला तो खुपसतो. विष पोचवून भाला मोडून टाकायचा आणि त्याच तुकड्यांतून नवा बांधायचा. जीवाणूंचीही आपसात भांडणं असतात म्हणायची.

आता तिसरा प्रकार. त्यासाठी तुम्हाला जुन्या पुण्यात यावं लागेल.

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांना काही रोगी दिसले. सडकून ताप, आणि जांघेत नाहीतर काखेत मोठी दुखरी गाठ. हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं. बघता बघता तो पुण्यात पोचला. घरात उंदीर मरून पडला, की लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचे. घरात पणजी असेल तर विचारा. तिनेही तिच्या आजीकडून "उंदीर पडला" हे शब्द ऐकले असतील. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड हा अधिकारी आला, घरोघर झडत्या झाल्या, लोक चिडले आणि चापेकर बंधूंनी काय केलं, ते तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढच्या काही दशकांत भारतात एक कोटीहून जास्त माणसं प्लेगने दगावली.

त्या वेळी डॉक्टरांना काय ठाऊक होतं? जीवाणू ठाऊक होता. १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला होता. म्हणून आज त्याचं नाव येर्सिनिया. तो पिसवांमधून पसरतो हे पॉल लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. आणि लस? ती मुंबईतच झाली. वाल्देमार हाफकिन यांनी सुपासारख्या पातळ द्रवात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या खाली लोंबणारे प्लेगचे जीवाणू वाढवले, ते उष्णतेने मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी लस प्रथम स्वतःच टोचून घेतली. परळला त्यांच्या नावाची हाफकिन संस्था आहे, ती ह्याच कामातून उभी राहिली.

पण एक प्रश्न राहिलाच होता. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जीवाणू दिसला की त्याला मिठी मारून गिळायचं, हेच काहींचं काम. मग प्लेगचे मूठभर जीवाणू ह्या पहारेकऱ्यांना हरवतात कसे? जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी म्हणजे तर पांढऱ्या पेशींची ठाणीच. नेमक्या तिथेच प्लेगचे जीवाणू वाढतात! चोराने पोलीस चौकीत बिऱ्हाड करावं, तसंच हे.

उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची साथ आल्याने सगळा देश हादरला होता. त्याच वर्षी तिकडे स्वीडनमधल्या आणि बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जीवाणूच्या सख्ख्या भावंडांवर केलेले प्रयोग छापून आले. त्यांना दिसलं की जीवाणू पेशीला नुसता चिकटतो, आत शिरतही नाही, आणि त्याचं प्रथिन मात्र थेट पेशीच्या पोटात सापडतं. बाहेरच्या द्रवात सांडत नाही. म्हणजे मधे काहीतरी नळी हवी. १९९८ मध्ये जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी विषमज्वराच्या जीवाणूच्या एका नातेवाइकात अशा यंत्राचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटोच छापला. दोन्ही आवरणांत पक्कं बसवलेलं, एकावर एक चकत्या ठेवल्यासारखं बूड, आणि त्यातून बाहेर आलेली सरळ, पोकळ सुई.

होय, सुई! दवाखान्यात जिच्या नावाने तुम्ही भोकाड पसरता, तीच वस्तू जीवाणूकडे आपल्या कितीतरी आधीपासून आहे.

ही केवढी असते बघा. प्लेगच्या जीवाणूची सुई साधारण ६० नॅनोमीटर लांब. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात, म्हणजे अशा सोळा हजारांवर सुया टोकाला टोक लावून ठेवल्या तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल. आतलं भोक जेमतेम दोन-अडीच नॅनोमीटरचं. सगळं यंत्र वीस-पंचवीस प्रकारच्या प्रथिनांचं मिळून होतं. त्यातली सुई मात्र एकाच प्रथिनाच्या शंभरावर प्रतींची, जिन्यासारख्या गोल वळणाने एकावर एक रचलेली. सुईचं सामानही सुईच्याच पोकळीतून वर जातं आणि टोकाला जाऊन बसतं. विहीर बांधताना दगड वरून खाली सोडतात. इथे धुराडं बांधताना विटा धुराड्याच्या आतूनच वर चालल्या आहेत.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. सुई किती लांब करायची हे जीवाणूला कळतं कसं? त्याला ना डोळे, ना मेंदू. सगळ्या सुया मात्र जवळपास एका मापाच्या! २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या शास्त्रज्ञांनी ह्याचा छडा लावला. यंत्राकडे स्वतःची फूटपट्टी असते. फूटपट्टीसुद्धा एक प्रथिनच, लांब माळेसारखं. शास्त्रज्ञांनी ह्या माळेतले काही मणी काढून टाकले, तर सुया आखूड झाल्या. जास्तीचे मणी घातले, तर सुया लांब झाल्या. जितके मणी, तितकी लांबी. शिंप्याने टेप बदलली की सगळ्या विजारी बदलाव्यात, तसं. आणि फूटपट्टी पूर्ण ताणली गेली, म्हणजे माप भरलं, की ती यंत्राला खूण करते: आता सुईचं सामान बंद, विषाचा माल सुरू.

मघाशी म्हटलं की प्रथिन ही गुंडाळलेली माळ असते. मग गुंडा एवढ्याशा भोकातून जाणार कसा? घरी करून बघा. सरबताची एक नळी घ्या आणि आईच्या विणकामातला लोकरीचा छोटा गुंडा घ्या. (आईला विचारून घ्या हं!) गुंडा नळीत कोंबा. जातो का? आता त्याच लोकरीचं एक टोक सुटं करा आणि नळीत सोडून दुसरीकडून ओढा. सरसर येईल. जीवाणूचं यंत्र हेच करतं. त्याच्या बुडाशी इंधन जाळणारं एक प्रथिन असतं. ते मालाची गुंडाळी उलगडायला मदत करतं आणि सुटं टोक नळीत घालतं. काही प्रथिनांबरोबर तर एक सोबती असतो, तो माळेचं टोक आधीच उलगडून धरून ठेवतो. लेंग्याची नाडी ओवताना आपण सेफ्टी पिन धरतो ना, तसा. पलीकडे पोचल्यावर माळ पुन्हा आपली आपण गुंडाळली जाते आणि कामाला लागते.

आणि काम तरी काय! प्लेगचा जीवाणू पांढऱ्या पेशीत अर्धा डझन प्रकारची प्रथिनं टोचतो. त्यातलं एकही पेशीला फोडत नाही की जाळत नाही. ती फक्त पेशीतली निरोपानिरोपी बिघडवतात. पेशीला जीवाणूचा स्पर्श झाला की "धरा, गिळा" असा निरोप आत जातो. निरोप म्हणजे प्रथिनांवर चिकटवलेल्या बारीक खुणा. टोचलेल्या मालातलं एक प्रथिन ह्या खुणा भराभर खुडून टाकतं. दुसरी काही पेशीच्या आतला सांगाडा विस्कटतात, मग मिठी मारायला हात पुढे येतच नाहीत. आणखी एक धोक्याची घंटाच बंद करून टाकतं, त्यामुळे इतर पेशींना खबर लागत नाही. पहारेकरी जागेवर उभा आहे, पण त्याला ना हलता येत ना ओरडता. मूठभर जीवाणू जिंकतात ते असे. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्रत्येक रोग्याच्या गाठीत हेच चाललं होतं, आणि कुणाला ते दिसण्याची सोय नव्हती.

सुई तयार करायची वेळही जीवाणू बरोबर साधतो. पिसवेच्या पोटात असताना त्याला सुईचा उपयोग नाही, तेव्हा तो सामानावर खर्च करत नाही. पिसू असते हवेइतकी गार किंवा उबदार. माणसाच्या अंगात शिरलं की तापमान होतं ३७ अंश. ती ऊब लागली की सुईचा कारखाना सुरू होतो. सुई तयार झाली तरी माल लगेच सुटत नाही; टोकाला पेशीचा स्पर्श झाला की सुटतो. सुगरण बाई जशी पाहुणा उंबऱ्यात आल्यावर पोळी तव्यावर टाकते, तितका हा हिशेबी.

तुम्ही म्हणाल, बाई, जीवाणूचं फार कौतुक चाललंय. चाललंय खरं. शत्रूचं हत्यार उघडून बघितल्याशिवाय ते अडवायचं कुठे हे कळत नाही. सुईच्या अगदी टोकावर एका प्रथिनाची छोटी टोपी असते. त्या टोपीशिवाय माल पेशीत उतरत नाही. हे प्रथिन शास्त्रज्ञांना १९५० च्या दशकापासून ठाऊक होतं. त्याविरुद्ध शरीरात प्रतिकार तयार झाला तर प्राणी प्लेगमधून वाचतो, एवढं प्रयोगात दिसत होतं. पण का, ते कळत नव्हतं. ते टोपीवर बसलेलं आहे हे २००५ मध्ये स्पष्ट दिसलं, तेव्हा कोडं सुटलं. प्लेगच्या नव्या लशींमध्ये आता हे टोपीचं प्रथिन घालून पाहिलं जात आहे, आणि माणसांवर त्यांच्या चाचण्याही झाल्या आहेत. हाफकिनसाहेबांनी अख्खा जीवाणू मारून टोचला. इथे फक्त त्याच्या सुईचं टोक. आणि हो, पालकांनी घाबरून जाऊ नये. प्लेगवर आज प्रतिजैविकं आहेत आणि ती वेळेवर सुरू केली तर रोगी बरा होतो. सावित्रीबाईंच्या काळी ती नव्हती.

आता प्लेग सोडा आणि माझ्याबरोबर बाजारात चला. वारज्यात रस्त्याकडेला डाळिंबांची हातगाडी दिसली, की कडेला स्वस्तात ठेवलेल्या फळांकडे बघा. एखाद्या डाळिंबावर तेलाचा डाग पडावा तसा काळपट ठिपका असतो, आणि तो इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखा चिरलेला असतो. शेतकरी ह्याला तेल्या म्हणतात. सोलापूर, सांगोला, नाशिक ह्या भागांत २००० नंतरच्या वर्षांत तेल्याने बागाच्या बागा बसवल्या. कर्ज काढून लावलेली झाडं लोकांनी स्वतःच्या हाताने उपटली. डाळिंबासाठी २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, आणि त्याच्यापुढचं एक मोठं काम हा तेल्याच होता.

तेल्याही जीवाणूमुळे होतो. त्याचं नाव झँथोमोनास. ओळखा पाहू, त्याच्याकडे कोणतं यंत्र असेल? बरोबर, तिसऱ्या प्रकारचं! फरक एवढाच की माणसाच्या पेशीला भिंत नसते, झाडाच्या पेशीला जाड भिंत असते. आखूड सुई तिथे पोचायचीच नाही. म्हणून झाडांवरच्या जीवाणूंची सुई म्हणजे लांब, लवचिक नळी असते. ती भिंत पार करून आतल्या पेशीपर्यंत जाते. झाडालाही स्वतःचा बचाव असतो बरं का. शत्रू आला की ते त्या जागी भिंतीवर आतून गिलावा चढवतं. तेल्याचा जीवाणू झॉप-एन नावाचं एक प्रथिन टोचून हा गिलावाच थांबवतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जीवाणूतून हे एकच प्रथिन काढून टाकलं आणि तो डाळिंबाला लावून बघितला. यंत्र तसंच, बाकीचा माल तसाच, तरी जीवाणूची वाढ मंदावली आणि डाग कमी पडले. हे त्यांनी २०१३ मध्ये छापलं.

मग हे यंत्रच बंद पाडणारं औषध का काढत नाहीत? शोध चालू आहे, माणसांसाठी आणि पिकांसाठीही. कल्पना अशी की जीवाणूला मारायचं नाही, नुसती सुई बोथट करायची. मग पांढऱ्या पेशी किंवा झाड स्वतःच त्याचा समाचार घेतील. प्रयोगशाळेत अशी रसायनं सापडली आहेत. पण प्रयोगशाळेतल्या बशीतून बागेपर्यंतचा रस्ता लांब असतो.

तोवर डाळिंबवाले शेतकरी काय करतात ते सांगते, कारण तेही कमी हुशारीचं नाही. जीवाणू झाडात शिरतो तो पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि जखमांतून, आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात पावसाचे शिंतोडे. म्हणून छाटणी करताना प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशकात बुडवायची. चिरलेली फळं आणि रोगट फांद्या बागेत पडू द्यायच्या नाहीत, गोळा करून जाळायच्या. बोर्डो मिश्रणाची फवारणी करायची. आणि बहार जमेल तर बदलायचा. मृग बहाराची फुलं जून-जुलैत येतात आणि कोवळी फळं भर पावसात भिजतात. तेल्याला ते फारच सोयीचं. हस्त बहार धरला तर फुलं येतात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. फळ पोसतं ते थंडीच्या कोरड्या हवेत, आणि तोडणीला येतं तेव्हा पुढचा पाऊस अजून काही महिने लांब असतो.